छैची हजेरी

अंधेरीच्या त्या ऑफिसात आम्ही दोघी मैत्रिणी रुजू झालो, तेव्हा आम्हाला दोनच प्रश्न विचारले गेले. डबा घरून आणणार की मागवणार, आणि एडिटर कुठला वापरणार. पहिल्याचं उत्तर कुणी ऐकूनही घेतलं नाही. दुसऱ्याच्या वेळी मात्र सगळं ऑफिस खुर्च्या फिरवून आमच्याकडे बघत बसलं होतं.

एडिटर म्हणजे ज्यात वेबसाइटचा कोड लिहायचा तो प्रोग्राम. फुकट मिळतात, ढीगभर मिळतात, आणि कुठलाही घेतला तरी शेवटी तीच अक्षरं टाइप करायची असतात. पण या धंद्यातली माणसं त्यावरून एकमेकांची लायकी ठरवतात. बाकी कशावरूनही ठरवायची राहिली नसेल तर यावरून ठरवतात, असं मी म्हणेन.

आमच्यापुढे दोन होते. एक निळ्या चिन्हाचा, साधा. उघडला की लिहायला लागा, माउस फिरवा, चुकलं तर खाली लाल रेघ येते. दुसरा काळा. नुसता काळा पडदा, त्यावर अक्षरं, बाकी काही नाही. त्यात माउस चालत नाही. प्रत्येक गोष्टीला हुकूम द्यावा लागतो. साधं सेव्ह करायचं तरी आधी एस्केपचं बटण, मग कोलन, मग डब्ल्यू. आमचा लीड, म्हणजे टीमचा प्रमुख, काळा वापरायचा. त्याच्या टेबलावर माउसच नव्हता. तो पवईला राहायचा आणि बोलायचा असा, की ऐकणाऱ्याने आपल्या मनाने समजून घ्यावं हा पवईलाच शिकलेला आहे. तो शिकला होता मुलुंडच्या पलीकडे कुठेतरी. याबद्दल माझं काही म्हणणं नाही, मीही घाटकोपरच्या स्टेशनाबाहेरच्या क्लासमध्येच शिकले. पण मी कुणाला समजून घ्यायला लावलं नव्हतं.

मी म्हटलं, निळा.

तो माझ्या आडनावाकडे, म्हणजे टेबलावर पडलेल्या माझ्या बायोडेटाकडे, एकदा बघून म्हणाला, "निळाच घेणार. वाटलंच होतं."

खोलीत दोघातिघांनी माना खाली घातल्या. एकाला हसू आलं आणि त्याने ते चहात बुडवलं. आमच्या घरी ज्या दोन तसबिरींना दर सणाला हार असतो त्या माझ्या डोळ्यांसमोर आल्या, आणि मी ठरवलं की हा माणूस आयुष्यभर लक्षात ठेवायचा. मी रागावले नाही असं सांगणाऱ्या बायकांपैकी मी नाही. मला इतका राग आला की माझे कान तापले. पण नोकरी हवी होती, म्हणून मी निळा घेतला आणि पँट्रीच्या दाराशी जाऊन बसले. निळ्यावाल्यांची रांग तिथे होती. तिला सगळे बालवाडी म्हणायचे.

माझ्या मैत्रिणीने काळा घेतला.

ती माझी क्लासमधली मैत्रीण. क्लासमध्ये दोघी निळाच वापरायचो. काळा तिने जन्मात कधी उघडला नव्हता. पण लीडने माझ्याकडे बघितलं तसं आपल्याकडे बघू नये, एवढंच तिला त्या क्षणी हवं होतं. तो खूश झाला. "बघा, हिंमत पाहिजे," असं माझ्याकडे बघत म्हणाला, आणि तिचा माउस स्वतःच्या हाताने काढून खणात टाकला. तिला त्याच्या शेजारची, खिडकीजवळची खुर्ची मिळाली.

"वेडी आहेस का तू?" मी तिला जेवताना म्हटलं. "त्यात काम तरी जमणार आहे का तुला?"

"शिकेन ना. मला पर्मनंट व्हायचंय गं. तुला काय, तुझ्या घरी कोण बसलंय पोळपाट घेऊन?"

हे खरं होतं. तिच्या सासरी, भांडुपला, पोळी-भाजी केंद्र होतं. सासरे गिरणी बंद पडल्यावर घरी बसले, तेव्हा सासूने ते सुरू केलं होतं आणि त्यावर अख्खं घर उभं केलं होतं. बाई कर्तबगार. पण कर्तबगार बायकांना आपल्यासारखीच दुसरी हवी असते, आणि ती सुनेतून काढायची असते. लग्नानंतर हिने पहाटे उठून पोळ्या लाटल्या, त्यातून वेळ काढून क्लास केला, आणि नोकरी लागल्यावर सासूला सांगितलं. सासू म्हणाली होती, "पर्मनंट झालंस तर जा ऑफिसात, मी कायेक बोलाचंय नाय. नाय झालंस तर हय पोळपाट आसा." प्रोबेशन सहा महिन्यांचं होतं. त्या बाईने शब्द दिला होता आणि ती शब्द पाळणारी होती, दोन्ही बाजूंनी.

आमचं ऑफिस मराठी वेबसाइटी बनवायचं. पतपेढ्या, शाळा, मंडळं, एखादा वधूवर मेळावा. मजकूर सगळा मराठीत, म्हणजे कीबोर्ड मराठीवर टाकून टाइप करायचा. आणि काळ्याला हुकूम कळायचे फक्त इंग्रजीत. कीबोर्ड मराठीवर असताना तुम्ही कोलनचं बटण दाबलं की उमटतो छ. डब्ल्यू दाबलं की त्याच्यावर दोन मात्रा. म्हणजे सेव्ह करायच्या घाईत कीबोर्ड परत इंग्रजीवर आणायचा राहिला आणि एस्केपही नीट दाबलं गेलं नाही, की पानावर सेव्ह व्हायच्या ऐवजी 'छै' उमटायचं. कुठेही. शाळेच्या प्रार्थनेखाली छै. ठेवींच्या व्याजदराशेजारी छै. निळ्यात हा प्रकार नव्हता, त्यात सेव्हची बटणं कीबोर्ड कुठल्याही भाषेत असला तरी चालायची.

लीडला हे पक्कं ठाऊक होतं. मराठी कामाला काळा बरा नाही हे आमच्या आधी आलेल्या प्रत्येकाने त्याला सांगून बघितलं होतं. त्याने त्यावर उपाय काढला. रोज संध्याकाळी घरी जायच्या आधी तो सगळ्यांच्या फायलींत 'छै' शोधायचा. ज्याच्या फायलीत सापडलं त्याने जागेवर उभं राहायचं आणि मोठ्याने, स्पष्ट म्हणायचं, "छै." आवाज बारीक आला तर पुन्हा. याला तो हजेरी म्हणायचा. खेळीमेळीचं वातावरण असावं ऑफिसात, असं त्याचं मत होतं.

बालवाडीतले आम्ही हजेरीतून सुटलेलो होतो. खिडकीजवळचे नव्हते. आणि त्यांच्यात सगळ्यात जास्त उभं राहायची ती माझी मैत्रीण. पहिल्या महिन्यात ती हसून म्हणायची, "छै," आणि लगेच बसायची. मग हसणं गेलं. मग असं झालं की तो तिचं नाव घ्यायच्या आधीच ती खुर्ची मागे सारायची. एकदा तिच्या फायलीत काहीच सापडलं नव्हतं, तरी ती उभी राहिली आणि म्हणाली. सगळं ऑफिस हसून हसून मेलं. "अरे बस, आज तू पास आहेस," लीड डोळे पुसत म्हणाला. तीही हसली. मला तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली आणि त्याच्याही, आणि आधी कुणाच्या ते ठरवता आलं नाही.

मी तिला पुष्कळदा सांगितलं. "निळा घे ना गं. पँट्रीशी बसशील, मरशील थोडीच?"

"आता सोडला तर तो म्हणेल, हिला जमलं नाही."

"म्हणू दे ना. जमलं नाहीच आहे."

"तुला बोलायला काय," ती म्हणायची. "तुला तो मोजतच नाही."

असं तोंडावर म्हणायची ती. तिचंही बरोबर होतं. लीड तिला छळायचा कारण ती त्याची होती. मला तो नुसता ओलांडून जायचा. मला ते सोयीचं पडायचं. काम भराभर व्हायचं आणि वेळेवर घरी जायला मिळायचं.

सहावा महिना संपत आला तेव्हा मुलुंडच्या एका पतपेढीची वेबसाइट तयार झाली. संचालक मंडळ बघायला आमच्याच ऑफिसात आलं. पांढऱ्या शर्टातली, खिशाला पेन लावलेली वयस्क मंडळी, आणि त्यांच्यात एक तरणा माणूस, काळी फीत लावलेला. पतपेढीचे उपाध्यक्ष नुकतेच वारले होते आणि त्यांच्या जागी हा त्यांचा मुलगा आला होता. पोह्यांच्या बशा फिरल्या. भिंतीवर प्रोजेक्टर लागला. कीबोर्डाशी माझी मैत्रीण, तिच्या मागे उभा लीड, आणि मी कडेच्या खुर्चीवर, कारण मजकूर मी टाइप केला होता.

सगळं नीट चाललं होतं. मग पदाधिकाऱ्यांचं पान आलं आणि तो मुलगा खुर्चीत पुढे सरकला. "बाबांच्या नावाआधी अजून 'मा.' आहे," तो म्हणाला. अगदी हळू बोलला. "तेवढं 'कै.' करून घ्याल का?"

आम्हाला जो मजकूर मिळाला होता तो ते असतानाचा होता. कुणाची चूक नव्हती. मागाहून केलं असतं तरी चाललं असतं. पण लीडला माणसं समोर बसलेली दिसली की काहीतरी करून दाखवायची हुक्की यायची. "आत्ता करतो ना साहेब, तुमच्यासमोर," तो म्हणाला आणि तिच्या खुर्चीच्या पाठीवर थाप मारली. "चल. काळ्यात उघड."

तिने उघडलं. भिंतभर काळा पडदा, त्यात आमचा सगळा कोड, आणि मधे त्या गेलेल्या माणसाचं नाव. तिने 'मा.' खोडलं. कीबोर्ड मराठीवर घेतला. मग थांबली. पुढची बटणं तिला पाठ होती, पण चुकलं तर काय होतं हेही पाठ होतं, आणि ती एकेका बटणावर बोट ठेवून खात्री करून घेत होती.

"अगं, आज होईल का?" लीड हसत म्हणाला. संचालकांकडे बघून म्हणाला, "नवीन आहे." मग तिच्या हाताखालून कीबोर्ड ओढला, उभ्या उभ्याच 'कै.' टाइप केलं, आणि सफाईने, न बघता, सेव्हची बटणं दाबली. पान बदललं नाही. त्याने जीभ टाळूला लावून आवाज काढला, भाषा बदलली, पुन्हा बटणं दाबली, पान पुन्हा उघडलं आणि हात झटकून म्हणाला, "घ्या."

भिंतीवर गेलेल्या उपाध्यक्षांचा फोटो होता, आणि त्याखाली ठळक अक्षरांत, नावाच्या आधी, 'कै. छै'.

त्या मुलाने ते ओठांतल्या ओठांत वाचलं. मग लीडकडे वळून म्हणाला, "छै म्हणजे?"

आणि माझी मैत्रीण हसली.

ते हसू मी विसरणार नाही. ते थट्टेचं नव्हतं, छद्मी तर नव्हतंच. सहा महिने छातीत कोंबलेलं काहीतरी एकदम सुटलं आणि ती खुर्चीत वाकून, तोंडावर दोन्ही हात दाबून हसत राहिली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मलाही आलं होतं हसू, पण मला वेळेवर खोकला आला. मी खोकत बाहेर गेले आणि पँट्रीत जाऊन मनसोक्त हसले. आयुष्यात इतकं बरं मला फार कमी वेळा वाटलंय. परत आले तेव्हा लीड त्या मुलाची माफी मागत होता आणि त्याचे कान माझे पहिल्या दिवशी झाले होते तसे झाले होते. त्या संध्याकाळी हजेरी झाली नाही.

आठवड्याच्या शेवटी लीडने आम्हा दोघींना आत बोलावलं, आधी मला. मला पक्कं केलं. "निळा असला तरी काम बरं आहे," असं म्हणाला. मग ती आत गेली आणि पाचएक मिनिटांत बाहेर आली. काय म्हणाला, मी विचारलं.

"एडिटरवर पकड नाही, म्हणाला."

"अगं, ते कारण नाहीये. तू हसलीस म्हणून."

"नाही गं," ती म्हणाली. "खरंच नाहीये पकड." खणातून तिने स्वतःचा माउस काढून पर्समध्ये टाकला आणि ती गेली. जाताना खिडकीजवळची खुर्ची टेबलाखाली नीट सरकवून गेली.

पुढच्या सोमवारी लीडने सगळ्यांना मेल पाठवला. मराठी कामाच्या सोयीसाठी यापुढे संपूर्ण ऑफिस निळा वापरेल. काळा कुणीही उघडायचा नाही. त्याच्या टेबलावर नवा कोरा माउस आला. बालवाडी हा शब्द दोनचार दिवसांत सगळे विसरले, आणि आठवडाभरात लीड नव्या लोकांना सांगायला लागला की साधनाचा अहंकार धरू नये.

ती माझे फोन घेत नव्हती. मेसेजला नुसतं अंगठ्याचं चिन्ह टाकायची, बस. पावसाळा उलटून गेल्यावर कधीतरी तिचाच फोन आला. आवाज मोकळा होता. दुपारी डबे गेले की संध्याकाळच्या कणकेपर्यंत जो वेळ मिळतो, त्यात ती घरच्या जुन्या लॅपटॉपवर काळा शिकत होती. रोज. सासू कुरकुरायची, पण आडवी आली नव्हती. "आता न बघता चालतं गं," ती म्हणाली. "भाषा बदलणं, एस्केप, सगळं बोटांत बसलंय. एकदाही छै येत नाही. तू त्याला विचार ना, परत घेतो का. एकदा फक्त बघ म्हणावं."

दया म्हणून खोटं बोलणं मला जमत नाही. जमत असतं तर पुष्कळ लोकांशी माझं बरं असतं. मी म्हटलं, "त्याने काळा सोडला. आता सगळे निळ्यात काम करतात."

"कधी?"

"तू गेलीस, त्याच्या पुढच्याच सोमवारी."

पलीकडे प्रेशर कुकरची शिट्टी झाली. आणखी एक झाली. "बरं," ती म्हणाली. "मग मी पण काढून टाकते. उगाच जागा अडते."

त्यानंतर तिने पुन्हा कधी विचारलं नाही. मीही लीडला काही सांगितलं नाही. सांगून त्याला आनंद द्यायची माझी इच्छा नव्हती.

परवा ऑफिसच्या ग्रुपवर कुणीतरी एक लिंक टाकली. भांडुपचं घरगुती जेवण, अंधेरीपर्यंत डबे पोचवतात, रोजचा मेनू वेबसाइटवर. मी उघडली. सुरेख केली होती. साधी, स्वच्छ, कुठे भपका नाही. बघताक्षणी मला कळलं कुणी केली ते. आजचा बेत: पोळ्या, वालाचं बिरडं, काळ्या वाटाण्याची आमटी, भात, सोलकढी. आणि सोलकढीच्या खाली, एकटंच, 'छै'.

काळा तिने काढून टाकला होता, निळ्यात काम करत होती. निळ्यात भाषा बदलावी लागत नाही, म्हणून तेवढी सवय सुटली होती, पण ओळ संपली की तिची बोटं आपोआप एस्केप दाबत होती, कोलन दाबत होती, डब्ल्यू दाबत होती. इतका तो तिच्यात मुरला होता. आमच्या अख्ख्या ऑफिसात काळा खरोखर आला तो तिला एकटीलाच.

लीड माझ्या मागे उभा होता. त्यालाही जेवण मागवायचं होतं. त्याने वाकून पान वाचलं आणि त्याचा चेहरा उजळला. "ही तीच ना?" तो म्हणाला. "बघ. अजून छै. मी तेव्हाच म्हणालो होतो, हिची पकड नाही." आणि दोन डबे सांग, असं सांगून तो आपल्या जागेवर गेला.

मी जिन्यात जाऊन तिला फोन लावला. मागे भांडी वाजत होती.

"बोल गं. किती डबे?"

"डबे नकोत," मी म्हटलं. "अगं, मेनूखाली छै राहिलंय. काढून टाक."

पोळपाट फरशीवर सरकवल्याचा आवाज आला, बांगड्या वाजल्या. ती उठून उभी राहिली होती. मग तिने मोठ्याने, स्पष्ट म्हटलं, "छै."

मागून सासूने विचारलं, "काय झाला गो?"

"काय नाय, आई," ती म्हणाली. "ऑफिसातून फोन आसा."